पल्स ऑक्सिमीटर : करोना न मानणाऱ्या काकांसाठी घेतलेले उपकरण

हा अभिप्राय बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरविषयी आहे. सत्तरी ओलांडलेले माझे काका करोनाला गंभीर आजार मानायला तयार नव्हते आणि समजावण्याचे सगळे मार्ग संपले होते, म्हणून तो आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात आला.

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले दोन रुग्ण पुण्यातच आढळले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले, तेव्हापासून काकांचे मत ठरलेले होते : दरवर्षी येतो तोच ताप, या वेळी त्याला नाव मिळाले एवढेच. मी आकडे दाखवले की ते फुगवलेले असत, डॉक्टरांचा हवाला दिला की डॉक्टरांनाही तसे बोलावे लागत असे. विशेष म्हणजे १८९७च्या प्लेगच्या गोष्टी आम्हाला लहानपणी सांगणारे हेच काका. पेठा कशा ओस पडल्या, लोक गावाबाहेर झोपड्या बांधून कसे राहिले, रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले कशा गेल्या, हे सांगताना त्यांचा आवाज जड होत असे. तो आजार त्यांना खरा वाटे, कारण तो त्यांच्या आजोबांनी पाहिला होता. काकांचा विश्वास घरच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर बसतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. रक्तदाबाचे आकडे मात्र ते गेली पंधरा वर्षे स्वतःच्या हाताने वहीत लिहीत आले आहेत.

त्या वहीचा विचार करूनच मी ऑक्सिमीटर घेतला, परंतु पहिल्यांदा घाई केली. घरबसल्या मागवलेल्या स्वस्त उपकरणात काकांनी पेन्सिल घातली आणि त्याने तिचाही ऑक्सिजन ९८ दाखवला. "बघ, तुझा करोना असा मोजतात," असे म्हणून त्यांनी तो माझ्या हातात परत दिला, आणि त्या एका फसव्या वस्तूमुळे माझे वर्षभराचे बोलणे पाण्यात गेले. नकार देणाऱ्या माणसाच्या हातात वाईट उपकरण देऊ नये, हे मी या अनुभवावरून आवर्जून सांगते.

दुसरा ऑक्सिमीटर मी पेठेतल्याच सर्जिकल वस्तूंच्या दुकानातून, नाडीच्या ठोक्याबरोबर हलणारी रेघ दाखवणारा असा पाहून घेतला आणि आमच्या डॉक्टरांच्या उपकरणाशी ताडून पाहिला. त्याला चौदाशे रुपये पडले. त्याचे काम सोपे आहे : तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून जातात, ऑक्सिजन असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषते, आणि त्या फरकावरून टक्केवारी काढली जाते. बोट गार असेल, नखाला रंग असेल किंवा हात हलत असेल तर आकडा चुकतो. सावळ्या त्वचेवर तो कधी कधी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो, म्हणून सुट्या आकड्यापेक्षा रोजच्या आकड्यांचा कल पाहावा. पाच मिनिटे शांत बसून, हात स्थिर ठेवून, आकडा स्थिरावला की मगच लिहावा.

या उपकरणाची सर्वांत मोठी उणीव मात्र त्याच्या यंत्रणेत नाही. पहिले काही आठवडे काकांनी त्याचा उपयोग माझ्याच विरुद्ध केला. "सत्त्याण्णव आहे, म्हणजे मला काही नाही," असे म्हणून ते मास्क न लावता मंडईत जाऊन येत. संसर्ग झाला आहे की नाही, तो दुसऱ्याला होईल की नाही, यांतले काहीही ऑक्सिमीटर सांगत नाही. हे मी उपकरण देतानाच सांगायला हवे होते. मग मी वाद थांबवून वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच हातून तीन ओळी लिहवून घेतल्या : ९५ किंवा अधिक असेल तर ठीक, ९४ किंवा खाली गेला तर डॉक्टरांना फोन, आणि चालल्यावर तीनपेक्षा जास्त घसरला तरी फोन. त्या वेळी हे लिहिणे त्यांना निरुपद्रवी वाटले.

एप्रिल २०२१ मध्ये त्यांना ताप आला. ऊन लागले, असे त्यांनी जाहीर केले. वहीत ९७, ९६, ९६ असे आकडे पडत गेले. पाचव्या दिवशी बसल्या जागी ९५ होता आणि खोलीत काही मिनिटे चालल्यावर ९१. त्यांना धाप लागली नव्हती, ते नेहमीसारखे बोलत होते, आणि या आजारात फसगत होते ती नेमकी इथेच. त्यांनी बोट बदलून पाहिले, हात चोळून गरम केले, आकडा पुन्हा ९१च आला. मग वहीचे पहिले पान उघडून ते मला म्हणाले, "डॉक्टरांना फोन लाव." वर्षभरात माझ्या एकाही वाक्याने जे झाले नव्हते, ते त्यांनी स्वतः लिहिलेल्या ओळीने झाले. शहरात खाटांसाठी वणवण चालू असलेल्या त्या दिवसांत त्यांना वेळेवर खाट मिळाली आणि नऊ दिवस ऑक्सिजनवर राहून ते घरी परतले.

ज्यांच्या घरी असे कोणी वडीलधारे आहे त्यांनी हे उपकरण अवश्य घ्यावे, पण आकड्यांचा अर्थ त्यांच्याच अक्षरात लिहवून घेतल्याशिवाय त्यांच्या हाती देऊ नये. वापर नसेल तेव्हा पेन्सिल सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरतात.

त्या आजाराला काका अजूनही "माझा न्यूमोनिया" म्हणतात आणि मी ते दुरुस्त करत नाही. बरे झाल्यावर तीन महिने थांबून ऑगस्टमध्ये ते स्वतःहून लसीच्या रांगेत उभे राहिले, आणि घरी येऊन त्यांनी ती तारीख त्याच वहीत, ९१च्या खाली, लिहिली.