देवळाचा रस्ता: टायरचा चुरा की प्लॅस्टिक?

फोंडा तालुक्यातल्या आमच्या देवळाकडे दोन रस्ते चढतात. तळीकडचा आम्ही आधी केला, टायरचा चुरा मिसळलेल्या डांबराचा. अग्रशाळेकडचा, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागेकडचा, त्याच्या पुढच्या वर्षी, प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या खडीचा. दोन्ही वेळी बांधकामाचं मीच पाहत होतो. आता शेजारच्या गावचे महाजन, म्हणजे तिथल्या देवस्थानची मंडळी, त्यांच्या रस्त्याचं विचारायला आले, तेव्हा त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो. साधं डांबर आपल्या पावसात किती टिकतं हे गोव्यात कुणाला सांगायला नको.

तिसरा पर्याय स्लॅगचा, त्याचं आधी उरकतो. पोलादाच्या भट्टीतला हा टाकाऊ भाग खडीच्या जागी वापरतात. सुरतजवळ हजिऱ्याला २०२२ मध्ये असा रस्ता झाला, आणि मुंबई-गोवा महामार्गावर रायगड जिल्ह्यातला एक किलोमीटरचा तुकडा डोलवीच्या कारखान्यातल्या स्लॅगचा आहे. त्यावर अवजड वाहनं धावतात, म्हणजे ताकदीची शंका नको. पण स्लॅग काळ्या दगडापेक्षा वजनदार, त्यामुळे वाहतूक महाग. शिवाय तो नीट मुरवलेला नसेल तर आतला चुना पाणी पिऊन फुगतो. देवळाच्या किंवा वसाहतीच्या रस्त्यासाठी मी त्या वाटेला जाणार नाही. खनिजाचे ट्रक जिथून जातात तिथे मात्र जरूर विचार व्हावा.

उरले दोन. टायरचा चुरा गरम डांबरातच मिसळतात, तर प्लॅस्टिकचे कपटे आधी तापलेल्या खडीवर टाकतात. ते वितळून दगडाला चिकटतात आणि मग त्यावर डांबर येतं. ही दुसरी रीत मदुराईच्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी घडवली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. डांबराच्या वजनाच्या सहा ते आठ टक्के प्लॅस्टिक पुरतं. पीव्हीसी त्यात अजिबात जाता कामा नये, तापल्यावर विषारी वायू सुटतो. आम्ही घरगुती कचरा घेतलाच नाही. औद्योगिक वसाहतीतल्या पॅकिंगच्या कोऱ्या कातरणी मिळाल्या, धुण्याचं आणि निवडण्याचं काम वाचलं.

चालवायला तळीकडचा रस्ता सरस आहे, हे मान्य करतो. स्कूटरचा आवाज कमी येतो, वळणावर चाक घट्ट धरतं. एप्रिलच्या उन्हात जत्रेच्या बसगाड्या जागच्या जागी वळल्या, तरी दोन्ही रस्त्यांवर डांबर वर आलं नाही. पूर्वी तिथेच चपला चिकटायच्या.

पावसाचं म्हणाल तर मी एक साधा प्रयोग केला. साधी डांबर लावलेली खडी आणि प्लॅस्टिकवाली खडी दोन बादल्यांत तीन दिवस भिजत ठेवली. पहिल्या बादलीत कडांना दगडाचा करडा रंग दिसू लागला, दुसरीतली खडी काळीच राहिली. प्रयोगशाळेची सर याला नाही, पण माझी खात्री पटली. दगड आणि डांबर यांच्यात पाणी शिरतं तिथूनच आपले खड्डे सुरू होतात.

तरीही माझं मत या कशावरून ठरलं नाही, ते ठरलं एका चरावरून. तळीकडचा रस्ता होऊन वर्षही झालं नव्हतं, तोच नळाच्या जोडणीसाठी तो आडवा खोदावा लागला. बुजवायला दोन टन मिश्रण पुरे होतं. मी तीन हॉटमिक्स प्लांटवर, म्हणजे खडी-डांबराचं गरम मिश्रण जिथे बनतं तिथे, फिरलो. रबरी डांबर टाकीत सतत ढवळत ठेवावं लागतं, नाहीतर चुरा तळाशी बसतो, आणि ते साध्या डांबरापेक्षा जास्त तापवावं लागतं. दोन टनांसाठी कोण टाकी पेटवणार? शेवटी साधं मिश्रण भरलं. जुलैत नेमक्या जोडावरच फट पडली, चतुर्थीपर्यंत तिथे घमेलंभर खोल खड्डा झाला. पालखी त्याला वळसा घालून न्यावी लागली. ते मला फार लागलं.

पुढच्या जानेवारीत अग्रशाळेकडचा रस्ताही खोदला गेला. या वेळी मी घरातून कपट्यांचं पोतं उचललं आणि सर्वांत जवळच्या प्लांटवर गेलो. दोन टन मिश्रणात डांबर साधारण शंभर किलो, म्हणजे कपटे आठ किलो. तिथल्या कामगाराने ते खडी फिरत असताना हाताने टाकले, अर्ध्या तासात टेंपो भरून निघाला. अरुंद चढावर पेव्हर, म्हणजे मिश्रण पसरणारं यंत्र, येत नाही. फावड्याने पसरून रोलर फिरवेपर्यंत मिश्रण हाताळता येत होतं. रबरी मिश्रण इतका वेळ देत नाही, ते लवकर ताठ होतं.

तुमचा रस्ता लांब असेल, पेव्हर लागणार असेल आणि पुढे खोदकाम होणार नाही असं कुणी लेखी देत असेल, तर टायरचा चुरा घ्या, मी अडवणार नाही. प्लॅस्टिकबद्दल मलाही एक काळजी आहे: वरचा थर झिजला की त्याचे कण ओहोळात जातात का, यावर लक्ष ठेवायला हवं. पण गावातला रस्ता खोदला जातोच. म्हणून शेजारच्या महाजनांना मी दोन गोष्टी सांगितल्या. काम मे उजाडण्याआधी उरका, आणि कपट्यांची दोन पोती जास्तीची घेऊन कोरड्या जागी ठेवा. आमची अग्रशाळेच्या माळ्यावर आहेत.