स्टीमपंक आर्केड कॅबिनेट घरी बांधताना: अस्सल पितळ की रंगकाम, माणसाएवढं की टेबलावरचं?

स्टीमपंक म्हणजे वाफेच्या इंजिनांच्या काळासारखी पितळ, पाइप आणि मीटरांची सजावट, आणि आर्केड कॅबिनेट म्हणजे जॉयस्टिक-बटणांनी व्हिडिओ गेम खेळायचं खोकं. ते बांधताना बहुतेक जण सुरुवात सामानाच्या यादीपासून करतात आणि तिथेच फसतात. त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात. धातू खरा घ्यायचा की रंगवायचा, आणि कॅबिनेट उभं राहून खेळायचं की टेबलावर ठेवायचं? बटणांची जात, लाकडाची जाडी, आतला संगणक हे सगळं मग त्यावरून ठरत जातं.

पितळ की रंग

पितळी पत्रा किलोवर मिळतो, म्हणून हिशेब वजनात करावा. अर्धा मिलिमीटर जाडीचा एक चौरस फूट पत्रा साधारण ४०० ग्रॅम भरतो. २४ बाय १० इंचांचं कंट्रोल पॅनेल, म्हणजे बटणं आणि जॉयस्टिक बसतात ती फळी, पाऊण किलोच्या आत मढतं. उभ्या कॅबिनेटच्या दोन्ही बाजू मढवायला मात्र वीसेक चौरस फूट, म्हणजे आठ किलो पितळ लागेल. शिवाय एवढा मोठा पातळ पत्रा सपाट बसत नाही. चिकटवताना मध्ये हवा राहिली की तिथे फुगतो आणि बोटाने टिचकी मारली तर डब्यासारखा वाजतो.

रंगाची गोष्ट उलटी आहे. मोठ्या पृष्ठभागावर तो छान दिसतो आणि हात लागेल तिथे हरतो. पॅनेलवर मनगट टेकतं त्या जागी घामाने आणि घासण्याने सोनेरी रंग सगळ्यात आधी उडतो आणि खालचा प्रायमर डोकावतो. पितळ त्याच जागी घासून उलट देखणं होतं. म्हणून आमचा कौल सरळ आहे: पॅनेल आणि स्क्रीनभोवतीची चौकट खऱ्या पितळेची, बाकी सगळं रंगाचं. चौकटीचं पितळ चकचकीत ठेवू नका, स्क्रीनचा उजेड त्यात चमकून डोळ्यांवर येतो. हिरव्या स्क्रबरने एकाच दिशेने घासून ते मंद करा.

रंग लावताना थेट सोनेरी स्प्रे मारला तर कॅबिनेट बक्षीस समारंभातल्या ढालीसारखं दिसतं. आधी सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रं भरणारा थर), मग प्रायमर, मग काळा थर आणि त्यावर सोनेरी किंवा तांबूस रंगाचे दोन-तीन पातळ हात. शेवटी पातळ केलेला काळपट तपकिरी रंग फासून लगेच फडक्याने पुसायचा. तो खाचांमध्ये राहतो आणि जुनेपणा तिथूनच येतो. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या, कापलेल्या कडा रंग पितात, तिथे सीलरचे दोन हात जास्त द्यावे लागतात.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम केलेला तांब्याचा पत्रा करून घ्यायचा मोह होतो. हातोडीच्या ठोक्यांची ती नक्षी पोचे आणि बोटांचे ठसे लपवते, त्यामुळे वरच्या पाटीला किंवा बाजूच्या छोट्या पट्ट्यांना ती झकास. पॅनेलला नको, कारण पृष्ठभाग सपाट नसल्याने बटणांच्या कडा नीट टेकत नाहीत आणि बटणं डुगडुगतात. काळसर झाक मुद्दाम आणली असेल तर घरात सगळ्यांना सांगून ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत कुणी पितांबरी लावली की मेहनत दहा मिनिटांत धुऊन जाते.

पाइपांसाठी एसी दुरुस्तीच्या दुकानात मिळणारा तांब्याचा पाइप आणि नळकामाचा प्लास्टिकचा सीपीव्हीसी पाइप यांत सीपीव्हीसी घ्या. वर रंग लावल्यावर चार फुटांवरून फरक कळत नाही. मात्र त्याला पॉलिश पेपर मारून प्लास्टिकचा प्रायमर लावल्याशिवाय रंग टिकत नाही, सालपटं निघतात. तांब्याच्या पाइपातून वायर न्यायची असेल तर कापलेलं टोक कानशीने गुळगुळीत करा, नाहीतर त्याची धार वायरचं आवरण सोलते.

पितळी पॅनेलची बटणं

पॅनेल १८ मिमी प्लायवर पत्रा चिकटवून करायचं असेल तर जपानी धर्तीची, नुसती दाबून बसणारी ३० मिमीची बटणं चालणार नाहीत. ती दोन-चार मिलिमीटर जाडीच्या पत्र्यासाठी असतात. लांब देठाची, मागून नट आवळायची अमेरिकी पद्धतीची बटणं घ्या, त्यांना २८ ते २९ मिमीचं भोक लागतं. जॉयस्टिकचा दांडाही १८ मिमीमध्ये आखूड पडतो. त्यासाठी खालून राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) खाच मारून तिथे ५-६ मिमी लाकूडच शिल्लक ठेवावं.

सुट्या पत्र्याला साधं ड्रिल लावलं तर बिट अडकून पत्रा हातासकट फिरतो. हे जखमी करणारं आहे. पत्रा प्लायच्या दोन तुकड्यांत दाबून क्लॅम्प करा आणि पायऱ्यांच्या बिटने भोक पाडा. चिकटवताना पत्र्याची पाठ ८० नंबरच्या पेपरने खरवडून थिनरने पुसा, मग दोन्ही बाजूंना कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह लावा.

जॉयस्टिकला भरीव पितळेचा गोळा बसवायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. ३५ मिमीचा असा गोळा १९० ग्रॅमच्या आसपास भरतो. स्प्रिंग त्याला वेळेत मधोमध आणू शकत नाही, तो पलीकडे झोकांडतो आणि डावीकडे नेलेला खेळाडू क्षणभर उजवीकडे वळतो. पोकळ गोळा किंवा शिसवी लाकडाचा गोळा लावा. सानवा या जपानी कंपनीच्या जेएलएफ जॉयस्टिकला सहा मिमीचे, म्हणजे एम-६ आटे असतात. कपाटांच्या मुठींना बऱ्याचदा चार मिमीचे असतात, तेव्हा विकत घेण्याआधी मोजा.

उभं की टेबलावरचं

उभं कॅबिनेट साधारण साडेपाच फूट उंच आणि २४ ते २६ इंच रुंद असतं. पॅनेल जमिनीपासून ३६ ते ३८ इंचांवर येतं. दोघांना शेजारी उभं राहून खेळायचं असेल तर हेच, कारण दोन खेळाडूंच्या पॅनेलला किमान २४ इंच रुंदी हवीच. ८ बाय ४ फुटांच्या दोन शीट जातात. १८ मिमी एमडीएफची एक शीट ४० किलोच्या घरात असते, प्लाय त्याहून बरीच हलकी. कोकणात, मुंबईत, पावसाळी हवेत एमडीएफ तळाकडून फुगतं आणि स्क्रू सैल होतात, म्हणून उभ्यासाठी प्लायच घ्या आणि मध्ये नटबोल्टचा जोड देऊन ते दोन भागांत बांधा. लिफ्टचा दरवाजा मोजायचं काम सगळेच शेवटी करतात.

टेबलावरचं कॅबिनेट १२ मिमी प्लायच्या अर्ध्या शीटमध्ये होतं, चौकट वेगळी धरून. जुना १९ इंची, पाचास-चार आकाराचा मॉनिटर त्यात बरोबर बसतो आणि जुन्या चारास-तीन गेमनाही तो रुंद स्क्रीनपेक्षा शोभतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आणि पहिल्यांदाच बांधणाऱ्यांनी हेच करावं. फक्त पाइप आणि मीटरं भरमसाट लावू नयेत, एवढ्याशा खोक्यावर काट्याची तीन मीटरं पुरे.

आतलं यंत्र

टेबलावरच्यात रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक, उभ्यात जुना ऑफिसचा संगणक आणि दोन्हीवर बॅटोसेरा ही जुने गेम चालवणारी प्रणाली. पायला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा चार्जर द्या आणि ८० अंशांना तो आपणहून मंदावतो हे ध्यानात ठेवून ८० मिमीचा पंखा लावा. सजावटीचं धुराडं इथे कामाला येतं, गरम हवा त्यातूनच बाहेर काढा. खरी वाफ दिसावी म्हणून पाण्याचं धुकं करणारी चकती मात्र बसवू नका, ओल आतच जिरते.

पितळाने चहूबाजूंनी मढवलेल्या खोक्यात पायचं वायफाय गुदमरतं. बाहेर अँटेना असलेला यूएसबी वायफाय घ्या किंवा केबल ओढा. आणि २३० व्होल्ट जिथे आत येतात त्या कॅबिनेटच्या प्रत्येक धातूच्या भागाला अर्थिंगची हिरवी वायर जोडलीच पाहिजे. जुन्या बाजारात मिळणारा उघड्या पात्यांचा नाइफ स्विच दिसायला अप्रतिम असतो. त्यावरून २३० व्होल्ट नेणं म्हणजे जिवाशी खेळ, तो नुसता शोभेला ठेवा.

काट्याच्या मीटरला जीव आणणं सोपं आहे. एक मिलिअँपिअरचं मीटर ३.३ किलोओहमच्या रेझिस्टरमधून पायच्या ३.३ व्होल्टच्या पिनला जोडा आणि पिनमधून येणारे विजेचे ठोके (पल्स) रुंद-अरुंद करून काटा हलवा. प्रोसेसरचं तापमान त्यावर दाखवलं तर शोभाही होते आणि पंखा बंद पडल्याचं कळतंही.

पितळ कापण्याआधी पॅनेल ६ मिमी एमडीएफवर करून आठवडाभर खेळा. बटणांची केंद्रं एकमेकांपासून ३६ मिमीवर ठेवून सुरुवात करा आणि अंगठा अडखळेल तिथे सरकवा. एमडीएफचा तुकडा फेकता येतो, चुकीचं भोक पडलेला पत्रा तोलून भंगारात द्यावा लागतो.