पंप-नोझल रिपेअर करून नऊ महिने, १३ हजार किलोमीटर

गाडी २०१६ ची, कॉमन रेल डिझेल (पंप एका सामायिक नळीत खूप दाबाने डिझेल भरतो, तिथून ते नोझलना जातं), सेकंडहँड घेतलेली. गेल्या जूनमध्ये १ लाख १८ हजार किलोमीटरवर हा पंप आणि इंजिनात डिझेल फवारणारे चारही नोझल एकदमच गेले. सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट आलं २ लाख ३८ हजार, सगळं नवीन टाकून. तेवढ्यात आमच्याकडे चांगली बैलजोडी येते. मी नागपुरात बाहेर रिपेअर करून घेतलं, टोचनसकट ८७ हजार लागले.

चूक माझीच होती. पेरणीचे दिवस, गाव दारव्ह्याकडे, पेट्रोल पंप १४ किलोमीटर. ट्रॅक्टरसाठी कोठ्यात डिझेलचा ड्रम असतो. एका रात्री बाबांना यवतमाळला दवाखान्यात न्यायचं होतं आणि काटा तळाला. ड्रममधलं पंधराएक लिटर गाडीत ओतलं. दोन दिवसांनी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा तो दिवा असतो. मला वाटलं सर्व्हिसची आठवण आहे. आठ दिवस तशीच पळवली. मग यवतमाळ रोडवर चढावर गाडी ओढेना, दोन झटके देऊन बंद.

तेच डिझेल ट्रॅक्टरमध्ये वर्षानुवर्षं चालतंय, हे मला आधी पटेना. जुन्या ट्रॅक्टरचं नोझल साधारण २०० बारला उघडतं. कॉमन रेलमध्ये दाब दीड हजार बारच्या वर जातो (टायरमध्ये आपण सव्वादोन बार हवा भरतो, त्यावरून अंदाज करा). त्यात या पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेल हेच त्याचं वंगण. पाणी आलं की आतलं लोखंड लोखंडावर घासतं.

नागपूरच्या डिझेल पंपवाल्याने फिल्टरमधलं डिझेल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढलं. तळाला बोटभर पाणी, वर डिझेल, मधली रेघ सरळ दिसत होती. मग फिल्टर कापून कागद पसरला. उन्हात धरला तर चकाकत होता, लोहचुंबक फिरवलं तर काळा चुरा चिकटून आला. मी म्हटलं, टाकी राहू द्या, नोझल-पंपाचं तेवढं पाहा. तो म्हणाला, "भाऊ, टाकी उतरवाच लागते. नाही तं चार महिन्यांनी पुन्हा माह्याकडेच येसान." पंपातून आणि नोझलमधून उरलेलं डिझेल रिटर्न पाइपने टाकीत परत जातं, सोबत चुराही जातो. पंप नवा टाका की जुना, टाकीत चुरा राहिला तर तो त्याच वाटेने परत येणार. टाकी उतरवून धुण्याचे ४,५०० लागले. मी तेच वाचवायला निघालो होतो.

रेलचे पाइप नवीन घेतले, नोझलखालचे तांब्याचे वायसरही नवीन. प्रत्येक नोझलवर कोड असतो, तो स्कॅनरने गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. पहिल्या दिवशी पंपवाल्याकडचा पोरगा तेच विसरला. गाडी उभ्या जागी म्हशीसारखी अंग झाडायची. परत नेली, कोड भरले, थरथर थांबली. बाहेर काम करणार असाल तर स्कॅनर आहे का, हे आधी विचारा. इन्शुरन्सच्या मागे लागू नका. साध्या पॉलिसीत मेकॅनिकल बिघाड बसत नाही. मी त्यात दोन चकरा घातल्या.

आता नऊ महिन्यांचं. ओढ पहिल्यासारखी आहे, हायवेला तक्रार नाही. अॅव्हरेज १९ होतं, आता साडेसतराच्या वर जात नाही. डिसेंबरच्या थंडीत सकाळी सेल्फ दोन-तीन सेकंद जास्त मारावा लागायचा. दिवाळीत बोनेटखाली डिझेलचा वास यायला लागला. पाइपाचा एक नट सैल होता, फुकटात कसून दिला. फिल्टरचं पाणी दर दोन महिन्यांनी स्वतः काढतो. बूड थोडं ढिलं करायचं, वाटीत धरायचं, दहा मिनिटांचं काम. ऑगस्टमध्ये एकदा चमचाभर निघालं, नंतर काही नाही.

वॉरंटी सहा महिन्यांची होती, बिलाच्या पाठीवर पेनाने लिहिलेली, ती संपली. तीन नंबरचं नोझल मात्र गाडी गार असताना अजून टकटक करतं. प्रत्येक नोझलच्या रिटर्नला बाटली लावून पाहिलं तर त्याची बाटली बाकीच्यांपेक्षा लवकर भरते, म्हणजे ते जास्त डिझेल परत सोडतंय. हरभरा विकला की ते एक नवीन टाकणार आहे.