मिरजेचा तंबोरा की इलेक्ट्रॉनिक खोका: पैसे कशाचे मोजायचे

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घ्यायला येणारं गिऱ्हाईक आधी वेलबुट्टी बघतं, मग भोपळ्याचं पॉलिश, आणि घासाघीस करतं ती जवारीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज उघडण्याच्या कामाच्या, मजुरीवर. हे अगदी उलटं आहे. सेल्युलॉइडची नक्षी मशीनही तितक्याच सफाईने कापून देईल. मशीनला जमत नाही ती जवारी, आणि हातच्या तंबोऱ्याचे खरे पैसे तिचेच.

इथे विचार केलाय तो काळी एकच्या, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून लावलेल्या, मर्दानी तंबोऱ्याचा. भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातला, दांडी आणि तबली (भोपळ्याच्या तोंडावरची फळी) तुणीच्या लाकडाची, जोडाच्या (मधल्या सा च्या) दोन तारा पोलादी, खर्ज (खालच्या सा ची तार) पितळेचा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घरांनी इथे हे काम उचललं, म्हणजे कानशीवरचा हात त्यांच्याकडे आधीपासूनच होता.

तो हात घोडीवर दिसतो. घोडीचा माथा वरवर सपाट वाटतो. उजेडात आडवा धरला की किंचित गोलसर उतार कळतो. छेडलेली तार या उताराला घासत कंप पावते आणि तिच्यातले वरचे स्वर एकामागून एक उजळत जातात. कानशीचा एक हात जास्त बसला की तार खरखरते, कमी पडला की आवाज बंद, लाकडी येतो. उतार जमला की तारेखाली सुती किंवा रेशमी दोरा घालून तो केसाएवढा पुढेमागे सरकवायचा. एका जागी तार अचानक उघडते. ती जागा चारही तारांना वेगवेगळी असते आणि ती कानानेच शोधावी लागते. जवारी नीट लागलेला खर्ज शांत खोलीत छेडला तर सा विरता विरता गंधार ऐकू येतो. हा स्वयंभू गंधार पेटीच्या गंधारापेक्षा थोडा उतरलेला असतो. गळा त्याच्यावर तयार झाला की पेटीचा गंधार चढा वाटायला लागतो.

आता इलेक्ट्रॉनिक खोका, म्हणजे तंबोऱ्याचा आवाज स्पीकरमधून काढणारं यंत्र. रोजच्या रियाजाला तो चांगला आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवं. पट्टी क्षणात बदलते, पावसाळ्यात उतरत नाही, एसटीत मांडीवर मावतो, आणि एका तंबोऱ्याच्या पैशात असे बरेच खोके येतात. उणीव दोन ठिकाणी आहे. काळी एकचा खर्ज सेकंदाला साधारण ६९ कंपनांचा. तळहाताएवढ्या स्पीकरमधून तो जवळजवळ निघतच नाही, कान तो वरच्या स्वरांवरून भरून काढतो. मोठा स्पीकर जोडला की हे बरंच सुधारतं. दुसरी उणीव स्पीकरने भागत नाही. खऱ्या तंबोऱ्यात पंचमाची तार छेडली की तबलीतून बाकीच्या तिन्ही तारा हलतात, म्हणून कुठलंही आवर्तन आधीच्यासारखं हुबेहूब नसतं. साधा खोका तेच आवर्तन पुन्हा पुन्हा वाजवतो, आणि तासाभराने कान त्याच्याकडे लक्ष देणं सोडतो.

हातचा घ्यायचं ठरलं तर ऑर्डर देतानाच आपली पट्टी सांगा. जवारी ठराविक ताणाला काढलेली असते. काळी एकला काढलेला तंबोरा पांढरी चारला चढवला की ताण वाढून जवारी बिघडते आणि दोष कारागिराच्या माथी येतो. ऑनलाइन मागवलेल्या तंबोऱ्यांच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच असतं.

दुकानात भोपळ्यावर बोटाने टिचकी मारत फिरा, चीर असेल तिथे आवाज फुटका येतो. दांडीला डोळा लावून वाक बघा. खुंटी कटकट न करता फिरली पाहिजे. निसटत असेल तर थोडा खडू पुरतो. मग तारा एकेक छेडा. चारही सारख्या उघड्या हव्यात. एकच खणखणत असेल तर जवारी पुन्हा काढून मागा. घोडी कशाची तेही विचारा. सांबरशिंग कायद्याने बंद झालं. आता उंटाचं हाड, आबनूस किंवा फायबर मिळतं. फायबर जास्त टिकतं, पण आवाज थोडा टोकदार येतो; आमची पसंती हाडाला.

वापरता वापरता तारा घोडीवर खाचा पाडतात आणि जवारी बसत जाते. तंबोरा खराब झाला असं समजून लोक तो कोपऱ्यात ठेवतात. खरं तर घोडी घासून नव्याने जवारी काढली की तो पहिल्यासारखा बोलतो. प्रवासात तारा दोन-तीन स्वर उतरवून ठेवा. आणि दुकान सोडण्याआधी, जवारी ज्याने काढली त्या कारागिरालाच समोर बसवून दोरा कुठे ठेवायचा ते आपल्या हाताने करून बघा. दोरा दोन दिवसांत हमखास सरकतो.