लहान आतड्यातला रक्तस्राव: आधी कॅप्सूल की थेट बलून?

गॅस्ट्रोस्कोपी (तोंडावाटे दुर्बीण) झाली, कोलोनोस्कोपी (गुदद्वारावाटे दुर्बीण) झाली, दोन्हींत काही सापडलं नाही; तरी हिमोग्लोबिन उतरतंय, शौचाला डांबरासारखं काळं होतंय. मग संशय जातो तो मधल्या काही मीटर लांबीच्या लहान आतड्यावर. वरची दुर्बीण त्याच्या तोंडाशीच थांबते, खालची फार तर शेवटच्या टोकात डोकावते.

रुग्ण स्थिर असेल तर बहुधा कॅप्सूल एंडोस्कोपी आधी सुचवतात, आणि ते योग्यच. साधारण 26 मिलिमीटर लांब, 11 मिलिमीटर जाड गोळी गिळायची. आतडं तिला पुढे ढकलतं, ती हजारो फोटो अंगावर बांधलेल्या रेकॉर्डरकडे पाठवते. भूल लागत नाही. पण ती फक्त बघते. बायोप्सी (तपासणीसाठी तुकडा) घेणं, रक्त थांबवणं, मागे वळून पुन्हा पाहणं तिला जमत नाही. सुरुवातीच्या भागातून ती झपाट्याने जाते, तिथली एकटी गाठ निसटू शकते. म्हणून ‘कॅप्सूल नॉर्मल’ म्हणजे आतडं नॉर्मल, असं मी धरणार नाही.

माझ्या मते यंत्रापेक्षा वेळ महत्त्वाची. रक्तस्राव दिसल्यापासून शक्यतो 48 तासांत कॅप्सूल झाली तर कारण सापडण्याची शक्यता जास्त. महिन्याभरानंतरची तारीख मिळत असेल तर लवकरची मागून बघाच.

क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार), आतड्याचा टीबी, पोटाला पूर्वी रेडिएशन किंवा वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या असा इतिहास असेल तर आतडं कुठेतरी अरुंद झालेलं असू शकतं आणि गोळी तिथे अडकते. तेव्हा आधी सीटी एंटेरोग्राफी (लहान आतड्याचा सीटी स्कॅन) किंवा विरघळणारी चाचणी-कॅप्सूल. खरी गोळी बाहेर पडेपर्यंत एमआरआय नाही.

बलून एंटेरोस्कोपी ही हाताने चालवायची दुर्बीण. जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांनी 2001 मध्ये तिची दोन फुग्यांची पद्धत मांडली. फुगे आलटून पालटून फुगवत, नाडी ओवताना कापडाच्या चुण्या पडतात तसं आतडं नळीवर गोळा करत पुढे जायचं. इथे बायोप्सी होते, फुटणारी रक्तवाहिनी जाळता येते, क्लिप लावता येते. बदल्यात गुंगी किंवा भूल, तासभर किंवा जास्त वेळ, आणि क्वचित आतड्याला छिद्र पडण्याचा किंवा, तोंडावाटे केल्यास, स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका. एका खेपेत सगळं आतडं क्वचितच पाहून होतं. आत तोंडावाटे शिरायचं की गुदद्वारावाटे, हे ठरवायला कॅप्सूलचे फोटोच कामी येतात.

पुश एंटेरोस्कोपी, म्हणजे फुग्यांशिवाय नुसती पुढे ढकलायची लांब दुर्बीण; तिची मजल लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापुरती. दोष तिथेच आहे हे ठाऊक असेल तर पुरेशी. शस्त्रक्रियेदरम्यान दुर्बीण घालणं हा शेवटचा पर्याय.

भरभरून रक्त जातंय, बीपी ढासळतोय? मग गोळी गिळून वाट बघायची नाही. रुग्णाला सावरत आधी सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन), मग गरजेनुसार रक्तवाहिनी आतून बंद करणं किंवा थेट बलून.

कॅप्सूल ठरलीच तर लोहाच्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या, हे डॉक्टरांना विचारून घ्या. त्यांच्या काळ्या रंगाने आतल्या भिंतीवरचं चित्रच झाकून जातं.