मारहाण-धमकीची तक्रार: एनसी की एफआयआर?

शेजाऱ्याने दोन थोबाडीत दिल्या, वर ‘बघून घेतो’ म्हणाला. ठाण्यात गेलात तर बहुधा एनसीचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा, कागद हातात पडतो. यात दर वेळी पोलिसांची टाळाटाळ असते असं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साधी दुखापत कलम ११५(२) मध्ये येते. शिक्षा एक वर्षापर्यंत, पण गुन्हा अदखलपात्र. म्हणजे नोंद होते. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास मात्र होत नाही. तो आदेश तुम्हीही मागू शकता, हे ठाण्यात क्वचितच कुणी सांगतं.

एफआयआरचं तसं नाही. हाड मोडलं, दात पडला किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या, तर ती गंभीर दुखापत, कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत शिक्षा. चाकूने वार झाला तर जखम साधी असली तरी कलम ११८ लागतं. इथे पोलीस थेट तपास करू शकतात. प्रत फुकट मिळते, ती मागून घ्याच. हद्दीचं कारण देऊन कुणी परत पाठवू शकत नाही.

सगळा फरक पडतो तो वैद्यकीय तपासणीने. एनसीवर समाधान मानून घरी गेलात आणि फ्रॅक्चर दोन दिवसांनी कळलं, तर अहवाल घेऊन परत जा. कलम वाढवता येतं.

नुसत्या धमकीला, कलम ३५१ ला, बहुतेक एनसीच. तरी ती नोंदवावी, असं माझं मत. तेच भांडण पुन्हा उकरलं गेलं, तर चॅप्टर केससाठी, म्हणजे शांतता राखण्याची हमी लिहून घेणाऱ्या प्रतिबंधक कारवाईसाठी, जुनी नोंद कामी येते.