पातोळी, मोदक, सांदण की घाटलं? घरच्या गोडातलं हलकं कोणतं

कोकणातलं घरचं गोड म्हणजे तांदूळ, नारळ आणि गूळ. मैदा नाही, पाक नाही, तळणही फारसं नाही. त्यामुळे आमचं गोड हलकंच, असं आपण धरून चालतो. बाजारच्या मिठाईशी तुलना केली तर ते खरंही आहे. पण आपापसात हे पदार्थ सारखे नाहीत. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं म्हणून, किंवा रक्तातली साखर काठावर आली म्हणून घरातलं गोड बंदच करायला निघाला असाल, तर आधी कोणतं ठेवायचं आणि कोणतं सणापुरतं करायचं हे नीट पाहा. बंद केलेलं गोड फार दिवस बंद राहत नाही, आणि मग बेकरीतून जे येतं ते घरच्या मोदकापेक्षा वाईटच असतं.

गुळाचं आधी सांगते, कारण सगळी फसगत तिथेच होते. शंभर ग्रॅम साखरेत चारशेच्या आसपास कॅलरी, तर तेवढ्याच गुळात ३८० च्या आसपास. गुळाला चव आहे, थोडी खनिजं आहेत, पण बाकी तो साखरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, आणि पाच टक्क्यांवर आणता आली तर उत्तम. दोन हजार कॅलरींच्या आहारात पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. गूळही याच हिशोबात धरायचा. दोन वेळच्या चहातली साखर त्यातून वजा केली की उरतं ते गोडासाठी.

आता मोदक आणि पातोळी शेजारी शेजारी ठेवू. दोघांचं चून, म्हणजे आतलं गूळ-नारळाचं सारण, एकच. दीडशे ग्रॅम पिठी, दोनशे ग्रॅम खवलेला नारळ आणि १२० ग्रॅम गूळ घेतला तर बारा मोदक होतात. म्हणजे एका मोदकात दहा ग्रॅम गूळ आणि एकूण १४० च्या आसपास कॅलरी. वर चमचाभर तूप सोडलं की आणखी ४५. दोन मोदक तुपासकट खाल्ले तर पावणेचारशेच्या घरात गेलात. जेवणानंतर, जेवणाच्या वर. मोदकाचा गुण असा की तो मोजता येतो. अवगुण असा की पारी जितकी पातळ तितकी सुगरण मोठी, त्यामुळे हात सराईत झाला की आत चून जास्त जातं.

पातोळीत नेमकं उलटं घडतं. हळदीच्या पानावर तांदळाचं भिजवलेलं पीठ बोटांनी पातळ सारवायचं, अर्ध्या भागावर चून पसरायचं, पान मधल्या शिरेवर मिटायचं आणि चाळणीत उकडायचं. चून जास्त झालं तर ते कडेने बाहेर येतं आणि पान मिटत नाही, म्हणून एका पातोळीत मोदकाच्या जेमतेम निम्मं चून बसतं. गूळ पाच-सहा ग्रॅम. खरी कमाल पानाची आहे. वाफ आली की हळदीच्या पानाचा वास पिठात उतरतो, पान सोलून काढताना शिरांचे ठसे पातोळीवर उठलेले दिसतात, आणि त्या वासामुळे गूळ कमी आहे हे जिभेला कळतही नाही. तूप लागत नाही. नागपंचमीला तळायचं-चिरायचं नाही, म्हणून आपल्याकडे हा पदार्थ होतो. पण परसात हळद आहे तोवर, म्हणजे श्रावण ते दसरा, तो पंधरवड्यातून एकदा करायला काहीच हरकत नाही. या दोघांत माझं मत सरळ पातोळीच्या बाजूने आहे.

चुनातला गूळ कमी करायचा असेल तर एक अडचण येते: गूळ कमी झाला की चून मोकळं राहतं, बांधलं जात नाही. चमचाभर तांदळाची पिठी भाजून त्यात मिसळा, चिमूटभर मीठ आणि जरा जायफळ घाला. नारळाच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत गूळ आणला तरी कुणी तक्रार करत नाही. मात्र असं चून टिकत नाही, त्याच दिवशी संपवायचं.

आता घाटलं, म्हणजे नारळाच्या रसात गूळ घालून पिठीने दाट केलेलं, आणि शिरवाळ्यांचा (तांदळाच्या उकडलेल्या शेवयांचा) गूळ-नारळाचा रस. हे दोन्ही पोटाला सोपे, गिळायला सोपे, आजारी माणसालाही देतात, म्हणून ते हलके समजले जातात. मला मात्र या यादीत सगळ्यात जास्त काळजी यांचीच वाटते. खवलेल्या ओल्या नारळात शंभर ग्रॅममागे ३३ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो, त्यातला बहुतेक संपृक्त. पण त्याच नारळात नऊएक ग्रॅम तंतूही असतात. नारळ वाटून पिळला की स्निग्धांश रसात उतरतो आणि तंतू चोथ्याबरोबर टाकला जातो. पहिल्या दाट रसाचा साधारण पाचवा हिस्सा स्निग्धांशच असतो. त्यात गूळ विरघळवला की वाटीभर रसात २०-२५ ग्रॅम गूळ सहज मावतो. चावायचं काहीच नाही, त्यामुळे दुसरी वाटी कधी संपली ते कळत नाही. मोदक मोजले जातात. रस कुणी मोजत नाही. म्हणून गौरीच्या नैवेद्याला घावन-घाटलं जरूर करा, त्याशिवाय सण होत नाही. एरवी घावन तसंच खा, बरोबर ओल्या खोबऱ्याची चटणी. शिरवाळ्यांना रस हवाच असेल तर दुसऱ्या पाण्याचा पातळ रस घ्या आणि तो बशीत घ्या, वाटीत नको.

हाच गाळण्याचा मुद्दा नाचणीलाही लागू पडतो. नाचणी भिजवून, मोड आणून, वाटून, फडक्यातून गाळून खाली बसलेलं सत्त्व वाळवायचं ही आपली जुनी रीत. बाळाला आणि दुखण्यातून उठलेल्या माणसाला ते योग्यच आहे, कारण त्यांना पचायला सोपं हवं असतं. पण साखर किंवा वजन सांभाळणाऱ्याने सत्त्व नको, कोंड्यासकट दळलेलं पीठ घ्यावं. नाचणीचा तंतू सालीत असतो आणि गाळताना तोच फडक्यावर राहतो. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे खरं. पण खिरीच्या वाटीत पीठ असतं वीस-पंचवीस ग्रॅम, म्हणजे कॅल्शियम नव्वदच्या आत. वाटीतलं बाकी कॅल्शियम दुधाचं. तेव्हा नाचणी आहे म्हणून कितीही गोड चालेल असं समजू नये. चमचाभर गूळ, वेलची, दोन खजुरांचे तुकडे, आणि ताटात वाढण्याइतकी घट्ट शिजवलेली खीर: ही मला रोजच्यातलं म्हणून सगळ्यात पटते.

फळांच्या गोडात सांदण आणि धोंडस या दोन गोष्टी प्रत्येक घरात परत यायला हव्यात असं मला मनापासून वाटतं. मे महिन्यात बरका फणस फुटला की त्याचा रस चाळणीवर घासून काढायचा, त्यात भाजलेला तांदळाचा रवा भिजवायचा आणि वाट्यांतून उकडायचा. फणस पुरता पिकलेला असेल तर गूळ घालायची गरजच नसते. दोनशे ग्रॅम रवा आणि चारशे ग्रॅम रसात बारा सांदणं झाली, तर एकात नव्वदच्या आसपास कॅलरी आणि स्निग्धांश जवळजवळ शून्य. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बिनगुळाचं म्हणजे बिनसाखरेचं नव्हे, फणसाची स्वतःची साखर बरीच असते. आणि सांदणापेक्षा त्याच्या शेजारची नारळाच्या दुधाची वाटी जड असते. चमचाभर दूध वर घाला, सांदण दुधात बुडवू नका.

धोंडस, म्हणजे मालवणकडची तवसोळी, पावसाळ्यातली. मोठं तवसं, म्हणजे पावसाळी काकडी, किसायचं, त्याचं सुटलेलं पाणी टाकायचं नाही. त्यातच भाजलेला रवा भिजतो, म्हणून दूध-बिध काही लागत नाही. चारशे ग्रॅम किसाच्या कॅलरी साठ-सत्तरच, पण पोट भरतं. गूळ १२० ग्रॅम, नारळ मूठभर, एक मोठा चमचा तूप, आणि वरखाली निखारे ठेवून खरपूस भाजायचं. गॅसवर जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर, खाली तवा ठेवूनही चांगलं होतं. सोळा वड्या पाडल्या तर एक वडी शंभर कॅलरींची.

आंबापोळी आणि फणसपोळी यांच्याबद्दल थोडक्यात: फळातलं पाणी उडालं की साखर तेवढ्याच जागेत दाटते, वरून पुष्कळदा आणखी घातलेली असते. ताजा हापूस चार फोडी खा, तो बरा. खांडवी चवीला उत्तम, पण रवा तुपावर भाजलेला आणि गूळ भरपूर; पाहुणे येतील तेव्हा. नारळाच्या वड्या आणि खाजं हे तर प्रवासाचे आणि जत्रेचे पदार्थ.

मधुमेह असेल तर आणखी एक हिशोब मांडा. यातल्या जवळपास प्रत्येक पदार्थात तांदूळ आहे, आणि गूळ कितीही कमी केला तरी तांदूळ साखर वाढवतोच. ज्या जेवणात दोन पातोळ्या आहेत त्यात भात नको. मासे, उसळ, पालेभाजी भरपूर घ्या आणि शेवटी पातोळी खा. दुपारी चारला रिकाम्या पोटी चहाबरोबर खाल्लेलं धोंडस आणि जेवणाच्या शेवटी खाल्लेलं धोंडस यांचा परिणाम सारखा नसतो. घरी साखर मोजायचं यंत्र असेल तर दोन तासांनी मोजून पाहा आणि आकडा डॉक्टरांना दाखवा. हृदयाचं दुखणं असेल तर नारळ कमी असलेलं निवडा, म्हणजे सांदण किंवा नाचणी.

वेळही पाहावा लागतो. दोघंही नोकरी करणारी असाल तर मोदकांचा घाट रविवारी सकाळीच जमेल. धोंडस आदल्या रात्री करून ठेवता येतं, दुसऱ्या दिवशी ते जास्त मुरतं. सांदणं फ्रिजमध्ये कडक होतात, पण पाच मिनिटं वाफ दिली की पुन्हा मऊ येतात. हळदीची पानं पुसून, कागदात गुंडाळून ठेवली तर तीन-चार दिवस राहतात. आठवडी बाजारात जुडी मिळाली की घेऊन ठेवा.